काळ्या फरशीवर नारळ

खंडेनवमीच्या सकाळी दादासाहेब चाकणच्या शेडवर पोचले तेच मुळी खुशीत. रहाटणीहून निघालेली गाडी मोशीच्या चौकात एकदाही न अडकता पार झाली, हा त्यांच्या मते देवीचा कौल होता. कौल कशाचा, तर शेडचा मागचा अर्धा भाग दसऱ्यापासून ओळखीतल्या गणराजच्या गोदामाला भाड्यानं द्यायचा त्याचा. माणसाला जे करायचंच असतं त्याला देवीचा कौल मिळायला फार वेळ लागत नाही.

शेड दादासाहेबांची. रहाटणीतली वडिलोपार्जित जमीन सोसायट्यांखाली गेली तेव्हा भावकीतल्या बाकीच्यांनी मोठाल्या गाड्या घेतल्या, दादासाहेबांनी पत्रा ठोकायचे प्रेस घेतले. पुढच्या अर्ध्या भागात दुचाकीचे ब्रॅकेट पडायचे. तो धाडधाड आवाज कानावर आल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. मागचा अर्धा भाग मात्र गेल्या दसऱ्याला त्यांनी सुनेला दिला होता, तोही सगळ्यांच्या देखत, "येक वरीस. त्यात काय झालं तर झालं, न्हाईतर जागा मोकळी करायची," असं बजावून.

सून स्वरूपा लातूरकडची. तिनं सिरॅमिक्सचं शिक्षण घेतलंय हे लग्नाच्या बैठकीत कळलं तेव्हा दादासाहेबांनी भाबडेपणानं विचारलं होतं, "म्हंजी कपबशा का?" पोरगी हसली होती आणि म्हणाली होती, कपबशांच्याच घराण्यातलं, पण जरा दमदार. त्या हसण्यावर दादासाहेबांनी स्थळ पक्कं केलं. पुढं हे दमदार प्रकरण आपल्याच शेडमध्ये येऊन बसेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

प्रकरण असं होतं. गुजरातमधल्या एका संशोधन संस्थेत, सूर्याच्या पोटात जे चालतं तेच एका बंद भांड्यात चालवायचं घाटत होतं. अणू फोडायचे नाहीत, जोडायचे, आणि त्यातून वीज काढायची. आता ती धग सोसायची कुणी? लोखंड फार तापलं की मऊ पडतं. नुसतं सिरॅमिक घेतलं तर धग सोसतं, पण धक्का बसला की तडकतं. म्हणून स्वरूपा केसाहून बारीक अशा सिरॅमिकच्याच काळ्या धाग्याचं कापड घ्यायची, त्याचे थर एकावर एक रचायची, पातळ रसायनात भिजवायची आणि बिनहवेच्या भट्टीत भाजायची. मग पुन्हा भिजवायचं, पुन्हा भाजायचं. असं करता करता वर्षभरात एक फरशी पुरी झाली होती, वीतभर लांब आणि अंगठ्याएवढी जाड. ती संस्थेच्या कसोटीला उतरली तर भांड्याच्या अस्तराचा मोठा भाग करायचं काम येणार होतं. नाही उतरली, तर वर्ष संपलंच होतं.

"मामा, हा सूर्याच्या भांड्याचा तुकडा आहे," ती सांगायची. सासऱ्याला मामा म्हणायची त्या घरची रीत.

"अगं, पर चाकणात उन्हाला काय तोटा हाय, म्हनून आनखी सूर्य करायचा?" दादासाहेब म्हणायचे, आणि पुढच्या भागात आपल्या प्रेसकडे निघून जायचे. सुनेवर त्यांचा जीव होता. तिच्या कामावर मात्र काडीचा विश्वास नव्हता. त्यांच्या लेखी काम म्हणजे ज्याचा आवाज होतो ते. मागच्या भागात दिवसदिवस नुसती भट्टी गप्प तापत बसायची.

आज प्रेस बंद होते. माणसं धुतलेल्या कपड्यांत आली होती, प्रत्येक मशिनला झेंडूची माळ होती, आणि शेडच्या मागच्या दारी जेवणाची तयारी चालली होती. संस्थेच्या विजयश्री मॅडम मूळच्या चिंचवड गावठाणातल्या. दसऱ्याला माहेरी आल्या होत्या. जाताना फरशी आपल्या हातानंच घेऊन जाणार होत्या. त्यांना आणायला स्वरूपा आणि शेखर, म्हणजे दादासाहेबांचा मुलगा, गाडी घेऊन निघाले होते.

"मामा, तुम्ही पूजा सुरू करा. मी माझ्या भट्टीपुढं सगळं मांडून ठेवलंय," जाताना स्वरूपा म्हणाली.

दादासाहेबांनी पूजा सुरू केली. प्रेसना हळद-कुंकू झालं, ओवाळून झालं, आणि नारळाची वेळ आली. नारळ हातात घेऊन दत्तोबा शेजारी उभा होता. दत्तोबा शेडमधला सर्वांत जुना ऑपरेटर, पहिला प्रेस बसला त्या दिवसापासूनचा.

"साहेब, दगड न्हाई," तो म्हणाला.

खरंच नव्हता. दरवर्षी नारळ वाढवायचा एक दगड दाराशी पडलेला असायचा. यंदा जमिनीला हिरवा गुळगुळीत रंग मारून घेतला, तेव्हा रंगवाल्यांनी तो कचऱ्याबरोबर उचलून नेला. नव्या रंगावर नारळ आपटायचा तर रंगाचा टवका उडणार, आणि तो रंग दादासाहेबांनी स्वतः उभं राहून मारून घेतलेला.

"राहू दे, पयली मागची पूजा उरकू," असं म्हणत ते भट्टीकडे गेले आणि पाहतात तो काय, सगळी तयारी जय्यत. भट्टीला माळ, पुढं समई, शेजारी पाट, पाटावर पांढरंशुभ्र फडकं, आणि फडक्यावर मधोमध एक काळाभोर दगड. सह्याद्रीच्या पोटातून काढावा तसा. एका कडेला झेंडूचं फूलसुद्धा ठेवलेलं.

दादासाहेबांना सुनेचं कौतुक वाटलं. सुनेच्या ध्यानात दगडाची अडचण आली होती. करवंट्या उडू नयेत म्हणून खाली फडकंही अंथरलं होतं. शिकलेल्या पोरीला रीतभात कळत नाही, असं आपण उगाच बोलत आलो.

"बघ दत्तोबा," ते म्हणाले, "ह्याला म्हनायचं घरची लक्ष्मी."

आणि देवीचं नाव घेऊन त्यांनी नारळ आपटला. तो फुटला नाही. दुसऱ्यांदा आपटला, शेंडीजवळ चिरला. मग मात्र त्यांनी बाह्या वर केल्या आणि शेतकऱ्याच्या हाताचा असा एक दणका दिला की नारळाची दोन शकलं झाली आणि पाणी दगडावरून फडक्यावर पसरलं. शेडभर "बोला अंबाबाईचा उदोऽ" घुमलं.

माणसं खोबऱ्याकडे वळली. दत्तोबा दगड पुसायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"साहेब, जरा हिकडं या. ह्या दगडाच्या कडंला वीण हाय."

"कसली वीण?"

"घोंगडीला असती तशी. दगडाला कुठं वीण असती व्हय?"

दादासाहेबांनी चष्मा लावला. काळ्या कडेवर धाग्यांचे बारीक बारीक थर अगदी स्पष्ट दिसत होते. नारळाचं पाणी त्यांत हळूहळू मुरत होतं.  सुनेनं दगड ठेवलाच नव्हता. तिनं आपलं वर्षभराचं काम देवीपुढं नुसतं दर्शनाला ठेवलं होतं.

पुढचा काही वेळ त्या दोघा म्हाताऱ्यांनी जी धावपळ केली, ती पाहायला कुणी नव्हतं हे बरं. दादासाहेबांनी उपरण्यानं फरशी पुसली. दत्तोबानं कॉम्प्रेसरची नळी ओढत आणली आणि तिच्यावर हवा मारली. नवं फडकं अंथरलं, फूल पुन्हा कडेला ठेवलं. फरशीवर ओरखडासुद्धा दिसत नव्हता. दादासाहेबांनी चारी बाजूंनी पाहिलं, बोट फिरवलं. काही नाही.

"मी काय बी बघितलं न्हाई," दत्तोबा म्हणाला आणि जेवणाच्या तयारीकडे सटकला.

दादासाहेब भट्टीपुढं एकटे उरले आणि त्यांच्या मनात पाप आलं. आपण गप्प राहिलो तर काय होईल? मॅडम फरशी घेऊन जातील. आत काही झालं नसेल तर प्रश्नच मिटला. झालं असेल तर ती तिकडं गुजरातेत तडकेल. पोरीला वाटेल आपल्याच कामात खोट होती. जागा रिकामी होईल, गणराजचं गोदाम येईल, आणि ह्या नारळाचं नाव कुणाच्या तोंडी येणार नाही. जे आपल्याला हवं होतं तेच होईल. सगळं कसं अलगद जुळून येत होतं. अलगद जुळून येणाऱ्या गोष्टीत बहुधा काहीतरी काळंबेरं असतं, हे दादासाहेबांना जमिनीच्या व्यवहारांनी शिकवलं होतं.

तेवढ्यात बाहेर गाडी वाजली.

विजयश्री मॅडम चाळिशीच्या, सुती साडीतल्या, बोलायला मोकळ्या. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना दसऱ्याच्या आगाऊ शुभेच्छा दिल्या, दादासाहेबांना "काका" म्हणून वाकून नमस्कार केला. स्वरूपा लग्नातही नव्हती इतकी आनंदात होती. हातमोजे घालून तिनं फरशी उचलली आणि मॅडमच्या हातात दिली, तान्हं मूल पहिल्यांदा आजीच्या हाती द्यावं तशी.

मॅडमनी ती उजेडात धरली, कडा पाहिल्या, वीण पाहिली. "सुरेख झालीय," त्या म्हणाल्या. "स्वरूपा, मी ही सरळ पहिल्या चाचणीत घालणार. तू स्वतःच्या नजरेखाली केलीस, मग मला बाकी शंका नाही."

स्वरूपानं हसून सासऱ्याकडे पाहिलं. बघा मामा, असं त्या बघण्यात होतं. दादासाहेबांच्या तोंडात खोबऱ्याचा तुकडा होता, तो ना गिळता येईना ना थुंकता. त्यांनी आयुष्यात तलाठ्याला ऐकवलं होतं, बिल्डरला ऐकवलं होतं, पण ह्या पोरीच्या नजरेला नजर देणं त्यांना जमेना. आणि ते जमेना म्हणूनच त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"म्याडम, त्याच्यावर मी नारळ फोडलाय."

कुणाला काही कळलंच नाही. शेखर म्हणाला, "दादा, कशावर?"

"त्या फरशीवर. मला वाटलं दगड हाय. पाटावर मांडलेला, खाली फडकं, मला वाटलं सूनबाईनं नारळासाठीच ठिवलाय. मग पुसून जागच्या जागी ठिवला. गप बसनार हुतो."

शेखरला हसू फुटलं, पण बायकोचा चेहरा बघून ते त्यानं गिळलं. स्वरूपाचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती रागावली नाही, ओरडली नाही. तिनं विचारलं, "मामा, किती वेळा आपटला?"

"तीनदा. नारळ लई कठीन हुता."

"कुठं?"

त्यांनी बोट ठेवून जागा दाखवली. मॅडमनी पर्समधून एक नाणं काढलं आणि फरशीच्या एका टोकापासून हलकेच वाजवत निघाल्या. माठ घेताना बाजारात वाजवून घेतात, तसंच. टण्ण, टण्ण, टण्ण. दादासाहेबांनी दाखवलेल्या जागी आवाज आला, ठप्प.

"आतला थर सुटलाय," मॅडम म्हणाल्या. "आणि पाणीही प्यायलीय. नारळपाण्यातले क्षार आत गेले असणार. आमच्या भांड्यात अशी भेसळ अजिबात चालत नाही. स्वरूपा, ही मी नेऊ शकत नाही गं."

स्वरूपाच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते लपवायचा तिनं प्रयत्नही केला नाही. "मीच पाटावर ठेवायला नको होती," ती म्हणाली. "मला वाटलं, सगळ्यांच्या मशिनची पूजा होते, माझ्याही कामाला देवीनं एकदा बघावं."

हे ऐकून दादासाहेबांना जे वाटलं ते त्यांना कुणी दोन मुस्काटात दिल्या असत्या तरी वाटलं नसतं. त्यांनी हात जोडले. सुनेपुढं, गड्यांच्या देखत. "पोरी, चूक माझी हाय. तुझी न्हाई. म्याडम, हिच्या कामात खोट न्हाई, माझ्या अकलेत हाय. हिला नापास करू नका."

"अहो काका, हात खाली करा," मॅडम गडबडून म्हणाल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूच हसू आलं. "नापास कोण म्हणतंय? तुम्ही एक गोष्ट बघितलीच नाहीत. साधी सिरॅमिकची फरशी असती तर पहिल्याच दणक्याला तुमच्या हातात खापऱ्या आल्या असत्या. ही तीन दणके खाऊन एकसंध आहे."

दादासाहेबांनी फरशीकडे पाहिलं, मग नारळाच्या शकलांकडे. गोष्ट खरी होती. ह्या हाताखाली न फुटलेली वस्तू त्यांना आठवेना. त्यांच्या आतला प्रेसवाला जागा झाला.

"म्हंजी आनखी मारलं तर?"

मॅडमनी स्वरूपाकडे पाहिलं. फरशी आता संस्थेच्या कामाची राहिली नव्हती. स्वरूपानं डोळे पुसले, तरातरा पुढच्या भागात गेली, प्रेसमध्ये डाय, म्हणजे साचा, बसवायचा हातोडा घेऊन आली आणि सासऱ्यापुढं धरला.

"मारा मामा."

"रडती कशाला मग?"

"रडून झालं. मारा. मलापण बघायचंय."

दत्तोबानं संडासाच्या कामातून उरलेली एक पांढरी टाइल आणून शेजारी ठेवली, तुलनेला असावी म्हणून. आता माणसं जेवण सोडून गोळा झाली. दादासाहेबांनी आधी टाइलवर हातोडा टाकला. ती अशी विखुरली की तुकडे पार पुढच्या भागातल्या प्रेसखाली गेले. मग त्यांनी काळ्या फरशीवर घातला. धप्प. फरशीला वाटीसारखा खळगा पडला, बारीक भेगा फाकल्या, पण फरशी जागची हलली नाही. पुन्हा घातला. भेगा वाढल्या, पण आतले धागे एकमेकांना धरून होते. मातीच्या भिंतीत काड घालतात ते कशासाठी, हे दादासाहेबांना लहानपणापासून ठाऊक होतं. सूनबाई वर्षभर कशात राबत होती, ते आत्ता हाताला कळलं.

मग सगळ्यांनाच चेव आला. शेखरनं एक घातला. दत्तोबानं दोन घातले आणि दोन्ही वेळा "जय भवानी" म्हणाला. मॅडमनीसुद्धा साडीचा पदर खोचून एक घातला, आणि हातोडा खाली ठेवून म्हणाल्या, "आमच्याकडं यासाठी एक मशिन आहे, पण त्यात एवढी मजा नाही." स्वरूपा प्रत्येक दणक्यानंतर वाकून भेगा बघत होती आणि हसत होती. शेवटी फरशी एका कोपऱ्यातून वाकली, तरी तुटली नाही. गड्यांनी टाळ्या वाजवल्या.

"ही अशीच्या अशी मला दे," मॅडम म्हणाल्या. "हिच्यात भेगा कशा अडल्या ते आत कापून बघते. पण खऱ्या चाचणीला नवी लागेल. किती दिवसांत होईल?"

"दुसरी निम्मी झालीय. दिवाळीनंतर देते," स्वरूपा म्हणाली, आणि मग तिचा आवाज खाली आला. "म्हणजे, भट्टी चालू राहिली तर."

 वर्षाची मुदत शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक होती. आणि नेमका तेव्हाच दादासाहेबांच्या खिशातला फोन वाजला. गणराज होता. त्याचा आवाज एवढा मोठा की भट्टीपर्यंत ऐकू जात होता.

"दादासाहेब, उद्या दसरा! मुहूर्त एक नंबर हाय राव. सकाळीच ट्रक धाडू का तुमच्या रिकाम्या जागंत?"

दादासाहेबांना धाप लागली होती. हातोडा अजून हातातच होता. त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती फरशीचा वाकलेला कोपरा उगाचच बोटांनी दाबत होती आणि त्यांच्याकडे बघायचं टाळत होती.

"जागा रिकामी न्हाई," ते म्हणाले.

"आँ? परवापत्तुर तर हुती! कोन आलं मधीच?"

"मधी कुनी न्हाई आलं. वरीसभर हितंच हाय. मलाच दिसत नव्हतं."

पलीकडून गणराज आणखी काहीबाही बोलत राहिला. दादासाहेबांनी फोन बंद करून खिशात टाकला.  स्वरूपानं आपल्या कामाचं स्टूल ओढून त्यांच्यामागं ठेवलं आणि हातातला हातोडा काढून घेतला.

"बसा मामा, दम लागलाय तुम्हाला."

दादासाहेब बसले. वर्षभरात त्या अर्ध्या शेडमध्ये ते पहिल्यांदाच बसत होते.